पाळीचे माप: घडी, पॅड आणि कप

भिवंडी तालुक्यातल्या पडघा परिसराने पाळीची तीन साधने पाहिली: जुन्या लुगड्याची घडी, दुकानातले पॅड आणि अलीकडे बाजारात आलेला सिलिकॉनचा कप. पडघा मुंबई-नाशिक रस्त्यावरचे गाव; आसपास भातशेती, आदिवासी पाडे, वीटभट्ट्या आणि आता गोदामांच्या रांगा. साधने बदलली, तसा बाईच्या डोक्यावरचा भारही पाण्याकडून कचऱ्याकडे आणि कचऱ्याकडून आडोशाकडे सरकला. एका गोष्टीकडे मात्र फार उशिरापर्यंत कोणी बघितले नाही, ती म्हणजे रक्त जाते किती.

रूढीने दिवस मोजले. बाई ‘बाहेरची’ झाली, तिला ‘कावळा शिवला’, की तिने तीन दिवस बाजूला बसायचे आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचे. पाचव्या, सातव्या दिवशीही अंगावरून जात असेल, तर ती बाब या हिशेबात बसत नसे. पाळीत नकळत घडलेल्या शिवाशिवीचे परिमार्जन म्हणून भाद्रपद शुद्ध पंचमीला ऋषिपंचमीचे व्रत होते. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, म्हणून ऋषीची भाजी करतात. विटाळाच्या या कल्पनेला चौदाव्या शतकात चोखामेळ्याच्या घरातल्या सोयराबाईने अभंगातून थेट प्रश्न विचारला होता.

पहिली पाळी मात्र मिरवली जाई. मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवत आणि गर्भाधानाचा मुहूर्त काढत. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा 10 वरून 12 वर्षे झाली. पहिल्या न्हाणानंतरचा विधी ठरलेल्या मुदतीत झाला नाही तर धर्म बुडेल, असा कायद्याला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा होता. टिळकही विरोधकांत होते. पाळी अशी वर्तमानपत्रांच्या रकान्यांपर्यंत पोचली खरी, पण तीही मुलीच्या वयापुरती आणि विधीपुरती. तिच्या दुखण्याला त्या वादात जागा नव्हती.

बाजूला बसणे हा मुळात ज्यांच्या घरी दुसरे हात होते त्यांचा आचार. शेतावर राबणाऱ्या घरांना तो पुरता पाळणे परवडणारे नव्हते. आवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकलेली असते आणि तिच्या हातावाचून रोपे लावून होत नाहीत. देवाला, पाण्याच्या हंड्याला शिवायचे नाही, पण शेतात जायचे, अशी तडजोड कष्टकरी घरांतून सर्रास दिसते.

त्या काळचे साधन म्हणजे कापड. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती लुगडे फाडायचे, पट्ट्यांच्या घड्या करायच्या आणि कमरेच्या दोरीला पुढून-मागून अडकवायच्या. नवे कापड चालत नसे, कारण त्याला खळ असते आणि खळीचे कापड रक्त शोषत नाही. घडी धुवायला पाणी हवे आणि वाळवायला ऊन हवे. पाणी विहिरीवरून आणावे लागे आणि ऊन असले तरी चारचौघांत ती दोरीवर टाकायची सोय नव्हती. मग ती दुसऱ्या कपड्याखाली किंवा गोठ्याच्या अंधारात वाळे. पावसाळ्यात तर वाळतच नसे. ओलसर घडीने मांड्या सोलवटत, खाज सुटे. जिला जास्त जाते तिला दिवसातून अनेक घड्या बदलाव्या लागत, आणि शेताच्या बांधावर आडोसा शोधणे हे त्या बाईचे वेगळेच काम होऊन बसे.

भिवंडी हे कापडाचेच गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग रुजवले आणि 1930 च्या दशकापासून यंत्रमाग आले. पुढे मागांवर कृत्रिम धाग्याचे कापड वाढत गेले आणि घराघरांत सुती लुगड्याच्या जागी नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या फाटतही नाहीत आणि रक्तही टिपत नाहीत. पॅड पसरले ते जाहिरातींमुळे, असे म्हटले जाते. घरातली चांगली चिंधी संपली, हे कारणही तितकेच खरे मानायला हवे.

अमेरिकेत ‘कोटेक्स’ पॅड पहिल्या महायुद्धातल्या मलमपट्टीच्या शोषक लगद्यापासून बनले आणि 1920 च्या सुमारास दुकानात आले. भारतात अनेक वर्षे ती शहरी आणि पैसेवाल्यांची वस्तू होती. खेड्यात दूरदर्शन पोचल्यावर नाव कळले, तरी दुकानदार पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देई. सरकारने ते स्वस्त करायचे ठरवले. 8 मार्च 2018 रोजी सुरू झालेल्या ‘अस्मिता’ योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना 8 पॅडचे पाकीट 5 रुपयांत मिळू लागले, बचत गटांमार्फत. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा 12 टक्के जीएसटी उठला. वापरलेल्या पॅडचे करायचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. जिथे घंटागाडी येत नाही तिथे पॅड पुरले जातात, जाळले जातात किंवा ओढ्यात जातात. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वापरलेल्या पॅडवर लाल ठिपका काढून ते वेगळे बांधून द्या, अशी मोहीम चालवली. उघड्या हातांनी ते उचलावे लागत होते ते या कचरावेचक बायकांनाच.

जास्त जाण्याचा विचार वैद्यकाने जरूर केला होता. आयुर्वेदात ‘असृग्दर’ या नावाने त्याचे वर्णन आहे आणि अशोकारिष्ट घरोघरी माहीत आहे. आधुनिक वैद्यकाने 1960 च्या दशकात स्वीडनमधल्या पाहणीवरून एक रेघ ओढली: एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते, 80 च्या वर गेले तर ते अतिस्राव समजायचे. पण रक्त मोजणार कशाने? डॉक्टर विचारतात, दिवसाला किती पॅड लागतात. परवडत नाही म्हणून एक पॅड दिवसभर आणि एक रात्रभर ठेवणारीचे उत्तर ‘दोन’ असते, आणि तिची तक्रार तिथेच हलकी होते. दुर्लक्षाची किंमत 2019 मध्ये बीडमध्ये दिसली. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर हजारो प्रकरणे आली. पाळीचा त्रास आणि बुडणारी मजुरी या कात्रीत सापडलेल्या बायकांना पिशवी काढणे हाच उपाय सांगितला गेला होता.

कपचे पेटंट अमेरिकेत लिओना चाल्मर्स या अभिनेत्रीने 1937 मध्ये घेतले. तो रबराचा होता; दुसऱ्या महायुद्धात रबर मिळेनासे झाले आणि उत्पादन थांबले. 2000 नंतर वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनने त्याला नवे आयुष्य दिले. कप दुमडून योनिमार्गात सरकवतात, आत तो उघडतो आणि रक्त शोषून न घेता साठवतो. बहुतेक कप 20 ते 30 मिलिलिटरचे असतात आणि काहींवर मापाच्या रेघाही असतात. पाळी जास्त जाणारीला त्याचा खरा उपयोग इथे आहे: दर खेपेला रेघ पाहून आकडा लिहून ठेवला, तर डॉक्टरांपुढे अंदाजाऐवजी हिशेब ठेवता येतो. जास्त स्रावाच्या दिवशी कप दर तीन-चार तासांनी रिकामा करावा लागतो, एरवी आठ ते बारा तास चालतो. 2019 मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने प्रसिद्ध केलेल्या 43 अभ्यासांच्या आढाव्यात कपची गळती इतर साधनांइतकी किंवा कमीच आढळली. अतिस्रावाचे कारण, मग ती गर्भाशयातली गाठ असो वा थायरॉइडचा दोष, कपाने बरे होत नाही. रक्तक्षय तपासून घ्यावाच लागतो.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 24 वयाच्या मुलींपैकी 64 टक्के पॅड आणि 50 टक्के कापड वापरत होत्या, काही जणी दोन्ही. कपचे प्रमाण एक टक्क्यालाही पोचत नव्हते. त्यामागे कौमार्य भंगण्याची भीती आहे, पहिल्या खरेदीचा खर्च आहे आणि जागेची अडचणही आहे. कप रिकामा करायला दार लागणारी मोरी, हात धुवायला पाणी आणि पाळी संपल्यावर तो उकळायला वेगळे भांडे लागते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका वस्तीत 2021 मध्ये सार्वजनिक शौचालयात पाळीसाठी वेगळी खोली सुरू झाली, ती याच गरजेतून. वीटभट्टीवर असा आडोसा नसतो.

आणखी एक अडचण दवाखान्यातून येते. सरकारी आरोग्य केंद्रांत बसवली जाणारी गर्भनिरोधक तांबी काही बायकांची पाळी वाढवते, आणि कप ओढून काढताना ती जागेवरून सरकण्याचा धोका असतो. तांबी असलेल्या बाईने कप घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे लागते, आणि काढताना बुडाशी चिमटून आतली पकड सोडवूनच तो बाहेर घ्यावा लागतो.