पेटीची झडप आणि एंजिनातील ‘रीड’

शेगावच्या कीर्तनात किंवा मेहकर-चिखलीकडील भजनी मंडळात वाजणाऱ्या पेटीच्या भात्यास आतून चामड्याची झडप असते. भाता उघडताच ती हवा आत घेते. दाबताच मिटून तिला परत जाऊ देत नाही. स्वर निघतो तो मात्र पितळी पट्टीतून, आणि ‘रीड’ हे इंग्रजी नाव त्या पट्टीचे. जुन्या साखळी-करवतींच्या एंजिनांत हेच नाव एका पोलादी पात्यास मिळाले. ते रूपावरून पडले असावे, कारण पाते एका टोकास जखडलेले व दुसऱ्या टोकास मोकळे असते. काम मात्र स्वराचे नव्हे, झडपेचे.

टू-स्ट्रोक एंजिनात दट्ट्या वर जाताना क्रँककेसमध्ये इंधनमिश्रित हवा शिरते व तो खाली येताना दाबली जाते. ती मागे फिरू नये, एवढाच प्रश्न. एका रीतीत दट्ट्याची भिंतच प्रवेशद्वार उघडते व झाकते. यात तुटण्यासारखे काही नाही. परंतु दट्ट्या माथ्यावर पोचण्यापूर्वी द्वार जितके अंश उघडे, तितकेच नंतरही उघडे राहते, आणि मंद गतीत मिश्रण कार्ब्युरेटरकडे उलटते. पोलादी झडप दाबाच्या फरकानेच मिटत असल्याने मंद गतीतही ओढ टिकते. १९६० च्या दशकातील होमलाइट एक्सएल-१२ या अमेरिकी करवतीत अशी झडप होती. जर्मनीच्या श्टील कारखान्याने १९५९ मध्ये आणलेल्या ‘कोन्ट्रा’त दट्ट्याचेच द्वार होते.

झडपेचा खरा शत्रू वेग. एंजिनाची गती पात्याच्या स्वाभाविक कंपनसंख्येजवळ गेली की ते थरथरते, वेळेवर मिटत नाही. कधी त्याचा तुकडा उडून एंजिनात पडतो. झडप त्या क्षणी खरोखरीच ‘रीड’ होते, असे म्हटल्यास वावगे नाही! तिला तसे होऊ न देण्यासाठीच यंत्रकारांनी पात्यामागे अडपट्टी बसविली, पाती लहान व अधिक केली, कोठे ती छपराच्या दोन उतारांसारखी मांडली.

बुलढाणा जिल्ह्याच्या रस्त्यांवर हा भेद करवतींमुळे नव्हे, मोटारसायकलींमुळे परिचित झाला. एस्कॉर्ट्सच्या राजदूत १७५ मध्ये दट्ट्याचे द्वार होते. त्याच एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८५ मध्ये आणलेल्या ९८ सीसीच्या आरएक्स १०० मध्ये रीड होती. गॅरेजात तिला झडप कोणी म्हटले नाही. आणि राजदूतच्या मालकास तो भाग मागण्याचे कारणच पडत नसे.