स्टॉपवॉच आणि पेन

वेबसाइटवर माणूस कुठून आला, किती वेळ रेंगाळला, कुठून सटकला याचा हिशेब ठेवणं हा आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा शोध, असा आमच्या जमातीत एक गोड समज आहे. पण मंडळी, हा हिशेब संग्रहालयांत कॉम्प्युटर जन्माला यायच्या आधी सुरू झाला होता. आणि पुढे चक्क बंदही पडला! का बंद पडला, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सचे सेक्रेटरी बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी एका धडधाकट, चांगल्या नजरेच्या माणसाला कपाटांतल्या वस्तूंबद्दल साधे साधे प्रश्न दिले. उत्तरं शोधताना तो कसा वाकतो, कशी मान वाकडी करतो, कसा गुडघ्यावर येतो याचे फोटो काढले आणि ते १९१६ साली छापले. लोक दमतात तो दोष मांडणीचा, हे त्यांचं म्हणणं. (लेबल गुडघ्याच्या उंचीवर लावायचं आणि वर 'पब्लिकला रसच नाही' म्हणायचं, हा प्रकार आपल्याकडेही कमी नाही.)

मग आले येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सन. त्यांची माणसं स्टॉपवॉच घेऊन, कळू न देता प्रेक्षकांच्या मागे फिरायची. कोण कुठल्या चित्रापाशी थांबला, किती सेकंद थांबला, सगळं टिपून घ्यायची. हे काम १९२८ साली प्रसिद्ध झालं. जसजसा वेळ जातो तसतसं थांबणं कमी होतं, हे दिसलंच. पण रॉबिन्सन यांनी पुढे जाऊन लोकांना प्रयोगशाळेत खुर्चीवर बसवून चित्रं दाखवली, तरी तीच घसरण! म्हणजे फक्त पायच दमत नाहीत. याला म्हणतात प्रयोग.

त्यांचे सहकारी आर्थर मेल्टन यांनी फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात हेच काम आणखी काटेकोरपणे केलं, ते १९३५ साली आलं. दालनात शिरल्यावर सुमारे ७५ टक्के लोक उजवीकडे वळतात. बाहेर जायचा दरवाजा दिसला की तो चित्रांशी स्पर्धा करायला लागतो, लोक उरलेली भिंत सोडून सरळ निघून जातात. भिंतीवर चित्रं वाढवली म्हणून दालनातला वेळ त्या प्रमाणात वाढत नाही. आजच्या कुठल्याही डॅशबोर्डवाल्याने हेवा करावा असा डेटा, तोही कागद-पेन्सिलीने जमवलेला.

पण मेख अशी की हे दोघेही संग्रहालयाचे नोकर नव्हते. काम होतं संग्रहालयांच्या संघटनेच्या प्रकल्पातलं, माणसं विद्यापीठातली. रॉबिन्सन १९३७ साली वारले. मेल्टन मिसुरी विद्यापीठात गेले आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या हवाई दलासाठी मानसशास्त्रीय चाचण्यांच्या कामाला लागले. अहवाल कपाटात राहिले, मोजायची विद्या माणसांबरोबर निघून गेली. असल्या अभ्यासाला पुन्हा नीट जोर चढला तो १९६० च्या दशकात. कन्सल्टंट गेल्यावर कोड कोणालाच कळत नाही, तसलंच हे.

त्याच दशकात कॉम्प्युटरही आले. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये संग्रहालयांचं म्युझियम कॉम्प्युटर नेटवर्क निघालं, १९६८ साली मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आयबीएमच्या मदतीने मोठी परिषद झाली. असो. मला त्याच १९६७ सालची ब्रिटनमधली गोष्ट जास्त आवडते. तिथे संग्रहालयवाल्यांनी स्वतःचाच एक गट काढला आणि त्यातून आली छापील कार्डं. वस्तूचं नाव, साहित्य, कोणी केली, कुठे, केव्हा, प्रत्येकाला वेगळा रकाना. कॉम्प्युटर नसला तरी पेनाने भरा, पुढेमागे मशीनमध्ये घालता येईल.

आता समजा आपल्याकडच्या एखाद्या वहीत लिहिलंय, 'सुंदर जुनी समई, बहुधा कोकणातली'. कार्ड भरायला बसलात की 'सुंदर'ला रकानाच नाही. 'जुनी' म्हणजे कधीची? आणि तो 'बहुधा' कुठे लिहायचा? या तीन प्रश्नांवर डोकं खाजवलं की माणूस डेटा म्हणजे काय ते शिकला, आणि तो गावातल्या छोट्या संग्रहालयातच राहणारा माणूस आहे! या गटाच्या कामातूनच १९७७ साली म्युझियम डॉक्युमेंटेशन असोसिएशन उभी राहिली. तिने १९९४ साली 'स्पेक्ट्रम' नावाचं मानक काढलं. ते सॉफ्टवेअर नाही. वस्तू आली, हलवली, उसनी दिली की काय काय नोंदवायचं याची ती रीत. ती आजही वापरात आहे.

आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' नावाचं सॉफ्टवेअर केलं. ते राष्ट्रीय संग्रहालयांत बसवलं आणि २०१४ साली त्यावरचं पोर्टलही सुरू झालं. नाव तर फारच झकास. पण त्यातला एकेक रकाना भरणारा माणूस संग्रहालयाच्या पगारावर आहे की कंत्राटावर, यावर माझं सगळं लक्ष असतं.

त्यामुळे ओळखीत कोणी 'आमच्या छोट्या संग्रहालयासाठी ॲप करून देता का' म्हणून विचारलं, तर मी आधी नोंदवही बघायला मागतो. ती कोणाच्या अक्षरात आहे, आणि त्या बाई किंवा ते गृहस्थ निवृत्त कधी होणार, एवढं विचारून घेतो. ॲपचं मग बघू.