खडीचा रस्ता आणि पगाराच्या स्लिपवरचे दोनशे रुपये

तर झालं असं, की गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सायकल गाडीच्या टपावर बांधली आणि पुण्याहून थेट जाफराबादला घेऊन गेलो. जाफराबाद तालुक्यात माझं आजोळ. सायकल म्हणजे ग्रॅव्हल बाईक, रेसच्या सायकलसारखं वाकडं हँडल पण टायर चाळीस मिलिमीटरचे, म्हणजे खडी-मुरुमावर बिनधास्त जाणारी. (हो, तीच. जिची किंमत मी घरी निम्मी सांगितली आहे.)

अमेरिकेत कॅन्ससच्या टेकड्यांमधून २००६ पासून दर वर्षी खडीच्या रस्त्यावर दोनशे मैलांची शर्यत होते. तिचे व्हिडिओ बघून आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना हे वेड लागलं. मग ते वीकेंडला मुळशी, पानशेत करतात आणि खराब रस्त्याच्या शोधात तासभर चांगल्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात. त्यांना मी नेहमी सांगतो, मंडळी, खडीचे रस्ते बघायचे तर मराठवाड्यात चला. पसंती नसेल तर परतीचं पेट्रोल माझ्याकडून.

हा सगळा प्रदेश दख्खनच्या लाव्ह्याचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर साचत गेला. त्याचा वरचा झिजलेला भाग म्हणजे मुरूम, तो पूर्ण कुजला की काळी माती, आणि खाली अस्सल काळा पाषाण. सायकलवाल्याच्या भाषेत सांगायचं तर मुरूम म्हणजे स्वर्ग, आणि पावसातली काळी माती म्हणजे दहा मिनिटांत चाक जाम. म्हणून जुन्या गाडीवाटा बघा, शक्यतो माळाच्या कडेने, मुरमावरून जातात. बैलांनी आखलेला रूट आहे तो. आजही जीपीएसच्या रूटपेक्षा चांगला.

पहिल्या दिवशी जाफराबादहून पश्चिमेला निघालो. गावाजवळच खेळणा नदी पूर्णेला मिळते. खेळणेच्या कडेकडेने वर गेलं, की सरळ रेषेत पंधराएक किलोमीटरवर असई. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपलेली असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, ती हीच. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा या दोन नद्यांच्या बेचक्यात उतरलेल्या. एका बाजूला खेळणा, दुसऱ्या बाजूला जुई. समोरून आलेला चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली, जो पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणार होता.

मला या लढाईतली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती उताराची. वेलस्लीला नदी ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते की पुढे कुठे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर. एक पिंपळगाव, एक वरुड. त्याने अंदाज बांधला, की इतकी जवळ गावं आहेत म्हणजे लोकांचं येणंजाणं असणार, आणि येणंजाणं असेल तर गाडीवाट असणारच. माणूस पाठवून खात्री केली, उतार निघाला, आणि फौज शिंद्यांच्या डाव्या बगलेवर जाऊन उभी राहिली. शिंद्यांच्या कवायती पलटणीत दहा हजारांवर माणसं, तोफा शंभराच्या आसपास. वेलस्लीचे प्रत्यक्ष लढणारे साडेचार हजारांच्या घरात. शिंद्यांच्या गोलंदाजांनी अखेरपर्यंत तोफा सोडल्या नाहीत. ब्रिटिशांचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी, एकेक मोजलेले. आपल्या बाजूचा आकडा मात्र अंदाजाचा. पुढे म्हातारपणी तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारल्यावर वेलस्लीने वॉटर्लूचं नव्हे, असईचं नाव घेतलं होतं म्हणतात.

थोडक्यात, एक साम्राज्य उभं राहण्यात आमच्या आजोळच्या बैलगाडीच्या चाकोरीचा थोडा हात आहे. हे असं लिहून मोकळं व्हायचं, असं मी परत येताना ठरवलं होतं. फोटो काढून झाले होते, शीर्षकसुद्धा डोक्यात तयार होतं.

संध्याकाळी घरी पोचलो तर आजी ओट्यावर बसलेली. सायकलच्या चाकाला लागलेली खडी बोटाने काढत म्हणाली, "काहून रे बापा, चांगली डांबरी सोडून तिकडून काहून चालवितो?"

म्हटलं, "आजी, मजा येते त्या रस्त्यावर. जुना रस्ता आहे ना."

"जुना कशाचा. बहात्तरला आम्हीच केला का नाही त्यो. तुझा मामा तवा माझ्या पाठीला."

इथे माझा लेख कोसळला.

बहात्तरचा दुष्काळ हा शब्द मी हजारदा ऐकलेला. "बहात्तरला असं नव्हतं" हे वाक्य आमच्याकडे ताटात भात टाकला की येतं. पण तो आपण रोज ज्यावरून जातो त्या रस्त्याच्या खाली आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. १९७० आणि ७१ चा पाऊस कमी झाला, आणि १९७२ चा जवळजवळ आलाच नाही. जालना जिल्हा तेव्हा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात होतं. शेतात काम नाही, विहिरीला पाणी नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली, म्हणजे पाझर तलाव, नालाबंडिंग आणि रस्ते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात या कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. हा आकडा मी दोनदा तपासला. आपल्या अख्ख्या हिंजवडीत जेवढी माणसं रोज लॅपटॉप उघडतात, त्याच्या कितीतरी पट लोक एकाच वेळी उन्हात दगड फोडत होते.

आजी तेव्हा वीस-बावीस वर्षांची. तिचं काम खडी फोडायचं. मोठा दगड आणून टाकायचे, हातोडीने तो ठरलेल्या आकाराचा करायचा आणि ढीग लावायचा. ढिगाचं माप ब्रासने, म्हणजे शंभर घनफूट. मजुरी मापावर, आठवड्याला. मुकादम हजेरी घेणार आणि मापात काटणार, असं आजीचं म्हणणं. अजून तिला त्या माणसाचा राग आहे. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. "जनावराची होती ती," एवढंच आजी म्हणाली आणि पुढे बोलली नाही.

इंजिनियर म्हणून मला त्या खडीचं कौतुक वाटतं. दगड नदीतल्यासारखा गोल असेल तर चाकाखाली निसटतो. फोडलेल्या दगडाला धारा आणि कोन असतात, ते एकमेकांत अडकतात, वर मुरूम टाकून पाणी मारून दाबलं की रस्ता घट्ट बसतो. स्कॉटलंडच्या मॅकॅडमने हे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलं. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीत आजही सर्रास "डब्ल्यूबीएम झालं का?" असं विचारतात, त्यातला 'एम' म्हणजे हाच मॅकॅडम. ज्या घट्ट बसलेल्या खडीमुळे माझी सायकल पंचवीसच्या स्पीडने गेली, तिचा प्रत्येक कोन कोणीतरी हाताने पाडलेला होता.

बहात्तरच्या कामांवर टीका भरपूर झाली. रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले, नुसते खडीचे ढीग पडून राहिले, भ्रष्टाचार झाला. खरं असेल. पण इतका मोठा दुष्काळ पडूनही पूर्वीच्या दुष्काळांच्या मानाने माणसं खूप कमी मेली, हेही तितकंच खरं. आणि या कामांतूनच पुढे एक कायदा आला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यात विसापूरच्या परिसरात एक प्रयोग सुरू केला होता. जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचंच, उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. रोजगार हमी. केंद्राने तशी हमी देशभर द्यायला २००५ उजाडलं.

आता खरी गंमत. याला पैसा कुठून आणायचा? म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्राने शहरातल्या पगारदारांवर एक कर बसवला, व्यवसाय कर. तुमची या महिन्याची पगाराची स्लिप उघडा. पीएफच्या आसपास 'पीटी' लिहिलेलं असेल आणि समोर दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. घटनेतली ही कमाल मर्यादा १९८८ ला अडीचशेची अडीच हजार झाली आणि तेव्हापासून हललेली नाही. तेव्हाचे अडीच हजार म्हणजे भलीमोठी रक्कम होती, आज त्यात माझ्या सायकलचा एक टायर येतो. बरा येतो, चांगला नाही येत.

मी सहा वर्षं हा कर भरतोय आणि एकदाही तो कशाचा हे विचारलं नव्हतं. आजीला स्लिप दाखवली. तिला वाचता येत नाही, मी समजावून सांगितलं. "मंग तुम्ही देता व्हय?" म्हणाली, आणि नंतर बराच वेळ तो मुकादम किती काटायचा याचाच हिशोब करत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच रस्त्याने गेलो, पण स्पीड काही लागला नाही. सारखं खाली बघत होतो. वाटेत एका वळणावर पाटी दिसली, या रस्त्याचं डांबरीकरण मंजूर झालंय. मी वैतागून घरी येऊन सांगितलं, तर मामी खूश. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या बाईला दवाखान्यात न्यायला टेंपो येऊ शकला नव्हता, ट्रॅक्टरमधून न्यावं लागलं होतं. आजी म्हणाली, "होऊ दे बापा. लई दिस झाले त्या खडीला."

असो. डांबर पडायच्या आत, म्हणजे बहुतेक उन्हाळ्यापर्यंत, कोणाला यायचं असेल तर सांगा. जेवण आमच्याकडे. ट्यूब मात्र दोन आणा, बाभळीचे काटे आहेत.