निर्मितीप्रधान पीएच.डी. (दृश्यकला)

चित्रकार, शिल्पकार, मुद्राचित्रकार किंवा मांडणशिल्पकार ज्या संशोधनात स्वतःची कलानिर्मिती हेच प्रश्न सोडवण्याचे साधन करतो, आणि ती निर्मिती व सोबतचा लेखी प्रबंध हे दोन्ही मिळून परीक्षकांपुढे ठेवतो, त्या संशोधनाबद्दल मिळणारी विद्यापीठीय पदवी. कलेतिहासातील पीएच.डी.हून ती वेगळी. चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या चित्रांवर प्रबंध लिहिणाऱ्याला कुंचला धरता आलाच पाहिजे अशी अट नसते. येथे ती पहिली अट आहे.

नावाबद्दल थोडे. या पदवीच्या इंग्रजी नावातल्या ‘प्रॅक्टिस’ला मराठीत नेमका शब्द नाही. ‘सराव’ म्हटले की तालीम आठवते. ‘साधना’ म्हटले की परीक्षकाला उलटतपासणी घ्यायचा संकोच वाटतो. प्रॅक्टिस करतात ते वकील आणि डॉक्टर, हीच आपली समजूत. त्यात मराठी वाचकाला माहीत असलेले ‘डॉक्टर’ चित्रकार निघतात वैद्यकातले : ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेले सुधीर पटवर्धन, किंवा दवाखाना सोडून कलेकडे वळलेले आणि २०१५ मध्ये पिळर्ण येथे ‘म्युझियम ऑफ गोवा’ उभारणारे सुबोध केरकर. या नोंदीतील पदवीशी त्यांच्या ‘डॉ.’चा संबंध नाही.

पदवीचा इतिहास अर्ध्या शतकाचा आहे. ब्रिटनमध्ये लेस्टर पॉलिटेक्निकमधून शिल्पकार अँड्र्यू स्टोनियर यांनी १९७८ मध्ये सौरऊर्जेवर हलणाऱ्या शिल्पांवर असे संशोधन पूर्ण केले. टोकियोच्या कला विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यासक्रम १९७७ पासून आहे. १९९२ मध्ये ब्रिटनमधील पॉलिटेक्निकांना विद्यापीठांचा दर्जा मिळाला, त्यांच्यातील कलाशाळा संशोधन-अनुदानाच्या हिशेबात आल्या, आणि या पदवीला भराभर वाट मिळाली. तिचा उगम केवळ ज्ञानपिपासेत नाही, तो पैशाच्या व्यवस्थेतही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. १९९३ मध्ये ब्रिटिश कलाशिक्षणतज्ज्ञ क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी कलेविषयीचे, कलेद्वारे केलेले आणि कलेसाठीचे असे संशोधनाचे तीन प्रकार सांगितले. मधला प्रकार म्हणजे ही पदवी. ब्रिटनमध्ये अशा प्रबंधाची लांबी साधारण ३० ते ४० हजार शब्द असते, म्हणजे मानव्यविद्यांतील नेहमीच्या प्रबंधाच्या जवळपास निम्मी. उरलेला भार प्रदर्शनाने उचलायचा.

चित्र हे ज्ञान कसे, हा आक्षेप सर्वांत जुना. त्याचे उत्तर तत्त्वचर्चेत शोधण्यापेक्षा भिंतीपाशी जावे. गोव्यापासून उत्तर कन्नडपर्यंतच्या जुन्या देवळांवर कावीचे काम दिसते. शिंपल्या भाजून केलेला चुना, नदीची धुतलेली वाळू आणि गूळ एकत्र करून पंधरवडाभर मुरवतात, मग कुटून एकजीव करतात. या गिलाव्यावर जांभ्या मातीतून काढलेल्या लाल रंगाचा, म्हणजे कावेचा थर देतात आणि तो ओला असतानाच पोलादी टोकाने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटून पुढे काही दिवस पाणी शिंपडत राहतात. अभ्यासक कृष्णानंद कामत यांनी ही पद्धत नोंदवून ठेवली, म्हणून कृती आपल्याला वाचता तरी येते. पण वाचून भिंत होत नाही. थर फार ओला असेल तर रेघ बुजते, सुकला असेल तर कडेचे टवके उडतात. या दोन अवस्थांमधला वेळ किती, तो श्रावणात किती आणि मार्गशीर्षात किती, हे ग्रंथालयात सापडणार नाही. फूटभर चौकोनाच्या पन्नास फळ्या लिंपून, प्रत्येकीवर तारीख, हवेतला दमटपणा आणि खरवडायला घेतल्याची वेळ लिहून ठेवणाऱ्या चित्रकाराला ते सापडेल. बिघडलेल्या फळ्याही प्रबंधाचाच भाग. किंबहुना परीक्षकाने आधी त्याच मागाव्यात. देवळे पाडून नवी बांधण्याच्या हौसेत अशा किती भिंती गेल्या हे पाहता, या संशोधनाचा उपयोग जीर्णोद्धाराच्या कामालाही आहे.

गोव्यातील कारापूर, सांखळी आणि एकूण डिचोली तालुक्यात असे प्रश्न पायाखालीच आहेत. हा लोहखनिजाचा पट्टा. खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. मातीचे ढीग राहिले. लोहयुक्त पिवळी माती भाजली की लाल होते, हे रसायनशास्त्र सांगते. कोणत्या आचेला कोणता लाल मिळतो, तो गोंदात कसा वागतो आणि चुन्यात कसा, आणि खाणीखाली गेलेल्या डोंगराचे चित्र त्याच डोंगराच्या मातीने काढले तर चित्राचा अर्थ बदलतो का, हे मात्र रंगवणाऱ्यानेच सांगायचे. डिचोलीचे कुंभार, चतुर्थीआधी चिकण मातीच्या मूर्तींनी भरून जाणाऱ्या चित्रशाळा, सीमेपलीकडे कुडाळजवळच्या पिंगुळीतील, चित्रे दाखवत कथा सांगणारी चित्रकथी ही त्याच भागातली आणखी दालने.

शिक्षणाची वाट मात्र पणजीकडे जाते. आल्तिनोवरील गोवा कला महाविद्यालय १९७२ पासून आहे, गोवा विद्यापीठ १९८५ पासून. चित्रकार लक्ष्मण पै या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे लागतात. प्रबंध बाहेरच्या दोन परीक्षकांकडे जातो, मग तोंडी परीक्षा होते. नियमांची भाषा लेखी प्रबंध गृहीत धरणारी आहे. प्रबंध वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढावा लागतो. कॅनव्हास त्यात घालायची सोय नाही. परीक्षकाने प्रदर्शन प्रत्यक्ष पाहायला हवे, नुसत्या छायाचित्रांवर निकाल देऊ नये, ही या पदवीतली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत सहज टाळली जाणारी गोष्ट होय.

नोकरीसाठीच ही पदवी हवी असेल, तर हिशेब आधी करावा. अध्यापनातल्या वरच्या पदांना पीएच.डी. लागते. पण आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दृश्यकलेच्या शिक्षकांसाठी व्यावसायिक किंवा पारंपरिक कलावंत म्हणून पात्र ठरण्याचा वेगळा मार्गही ठेवला आहे. चित्रे विकली जाण्याशी पदवीचा काही संबंध नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याकडे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका होती, तेवढीच पुरली.

पदवीवरील गंभीर टीका कलेतिहासकार जेम्स एल्किन्स यांनी संपादित केलेल्या २००९ च्या ग्रंथात एकत्र मिळते. तिचा रोख असा की, चित्रकाराला विद्यापीठी भाषेत बोलायला लावले की तो चित्रही त्या भाषेला सोयीचे काढू लागतो. भीती खरी आहे. उपाय मराठीतच आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले बरव्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक कोणत्याही पदवीसाठी लिहिलेले नाही. चित्रकाराच्या वह्यांतून वर्षानुवर्षे साठलेला वस्तू, अवकाश आणि आकार यांचा विचार त्यात साध्या मराठीत उतरला आहे. निर्मितीसोबतचे लेखन कसे असावे याचा नमुना म्हणून संशोधकाने परदेशी प्रबंधांआधी ते वाचावे. प्रबंध मराठीत लिहिला तर चुना, काव, लिंपणे, घोटणे यांना पर्यायी शब्द शोधत बसावे लागत नाही, हा फायदा वेगळाच.

दुसरा आक्षेप कमी ऐकू येतो, पण अधिक बोचतो. गवंड्याकडून चुना शिकावा, कुंभाराकडून माती, आणि नावापुढे ‘डॉ.’ संशोधकाच्या लागावे. गवंड्याचे नाव ऋणनिर्देशात, तेही छायाचित्रकार आणि टंकलेखक यांच्या मध्ये. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ठाकर समाजातील चित्रकथीच्या कलेकडे अनेकांचे पहिल्यांदा लक्ष गेले; विद्यापीठांनी त्या जाणकारीला संशोधनात कोणते स्थान द्यायचे हे अजून ठरायचे आहे. कारागिराचे नाव मुखपृष्ठावर घालणे आणि त्याला मानधन देणे एवढे तरी करता येते.

अर्ज करू पाहणाऱ्याने ‘संशोधन समस्या’ हा रकाना भरण्याआधी आपला प्रश्न एकदा तपासून घ्यावा. हात न लावता त्याचे उत्तर मिळत असेल, तर साधी पीएच.डी. करावी; ती स्वस्त पडते.