पायपेटीचा श्वास

मार्च 1911. गंगाखेडहून बैलगाडीनं तुम्ही परभणी गाठली आहे. हैदराबादेत सहावे निजाम मीर महबूब अली खान गादीवर आहेत. तुमच्या कनवटीला हाली शिक्क्याचे रुपये आहेत आणि ते इंग्रजी मुलखात चालत नाहीत, म्हणून स्टेशनाजवळच ते मोडून कलदार घेता. मीटरगेज गाडी तुम्हाला मनमाडला सोडते, तिथून मोठ्या रुळांची जी.आय.पी.ची गाडी मुंबईला.

तुमचे कान गोदाकाठचे. जनाबाईच्या गावात टाळ, पखवाज आणि वीणा ऐकत तुम्ही वाढलात. वीणेची तार गाणाऱ्याच्या गळ्याला लावून घ्यायची, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

12 मार्चची रात्र. किर्लोस्कर नाटक मंडळी खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग करते आहे. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. आजच त्यांचं पहिलं मूल गेलं आहे आणि तरीही त्यांनी प्रयोग थांबू दिलेला नाही. पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. वय तिशीच्या आत, आणि मुळात हा माणूस पेटीवादक. धूप दरवळतो, तिसरी घंटा होते, नांदी सुरू होते. ध्वनिक्षेपक अजून यायचा आहे. शेवटच्या रांगेपर्यंत जे पोचेल ते गळ्याच्या आणि वाद्याच्या जोरावर.

म्हणून तुम्ही वादकांच्या पायांकडे बघा. हातपेटीत डावा हात भात्यात अडकतो. पायपेटीत भात्याचं काम पाय करतात आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात. दोन पायट्या आळीपाळीनं दाबल्या जातात, हवा आधी मोठ्या साठवणभात्यात जमते आणि तिथून एकसारख्या दाबानं सुरांकडे, म्हणजे पेटीतल्या पितळी जिभांकडे, जाते. त्यामुळे पाय बदलताना सूर तुटत नाही. गाणाऱ्याची लांबलचक तान संपेपर्यंत त्याच्या मागं ही हवा उभी असते. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँनं 1842 साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा मराठी नाट्यपदं त्याच्या ध्यानीमनीही नसतील. तरी त्याची युक्ती इथं इतकी चपखल बसली की पेटीशिवाय संगीत नाटक डोळ्यांपुढे आणणंही कठीण.

मुंबईतल्या पारशी आणि गोवेकरांच्या दिवाणखान्यांत याच काळात उभे पियानो आहेत. देखणी वाद्यं, पण आपल्या हवेत हाल फार. दोनशेहून अधिक तारा बिडाच्या चौकटीवर कित्येक टनांच्या ताणानं बसवलेल्या असतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि सूर उतरतो. पायपेटीत तारच नाही. पितळेची पातळ जीभ हवेनं थरथरते आणि बोलते. लाकूड तडकलं, कातडं विरलं, तरी ती जीभ वर्षानुवर्षं आपला सूर धरून राहते. जुन्या पायपेट्या पुन्हा उभ्या राहू शकतात त्या या गुणामुळे.

आता झपाट्यानं पुढे चला. 1940 चा मार्च: ऑल इंडिया रेडिओनं पेटीला साथीतून बाहेर काढलं आहे. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर ठरीव आहेत, हा आक्षेप. आक्षेपात तथ्य आहे. स्वरांतराच्या सेंट या मापात पेटीचा गंधार षड्जापासून 400 वर, तर तंबोऱ्यात ऐकू येणारा 386 वर. हे दुखणं सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी ओळखलं होतं आणि क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीनं श्रुती-हार्मोनियम करून दाखवली होती. बंदी मात्र थेट 1971 पर्यंत सैल झाली नाही. मला हा अन्याय वाटतो. ज्या वाद्यानं गावोगावच्या कीर्तनकाराला आणि शाळामास्तराला सूर दिला, त्याची उणीव दूर करायची सोडून त्यालाच दाराबाहेर ठेवलं.

आणि आता आज. पुण्यातल्या एका पेटीवाल्या काकांच्या खोलीत तुम्ही उभे आहात. समोर पॅरिसच्या कास्रिएलची पायपेटी, पार उघडलेली. भात्याच्या घड्या फाटल्या आहेत, झडपांखालचं फेल्ट कसरीनं खाल्लं आहे, एक पायटी लोंबते आहे. काका पॉलिशचं नाव काढत नाहीत. आधी हवा. जुनं कातडं ओलसर करून, खरवडून काढतात, घडीच्या कोपऱ्यांना मऊ नवं कातडं लावतात, भाता फुगवून गळती कुठं आहे ते गालानं चाचपतात. मग एकेक सूर बाहेर काढून मऊ ब्रशनं धूळ झाडतात. गुळगुळीत, चकचकीत लाकडावर भुलून जुनी पेटी घेणाऱ्यांनी हे काम एकदा पाहावं. किंमत भात्याची आणि सुरांची असते.

“काका, सूर नवे टाकले तर?”

“मग माझ्याकडं कशाला आणली? नवी पेटीच घ्या की.”

शेवटी ते खरा प्रश्न काढतात. ही पेटी फ्रान्सच्या 1859 च्या मोजमापावर लावलेली आहे, तिचा ‘ला’ हा पाश्चात्त्य स्वर सेकंदाला 435 कंपनांचा. आजचं माप 440. चढवायचा असेल तर प्रत्येक जिभेचं टोक घासावं लागेल. बुडाशी घासलं तर सूर उतरतो, टोकाशी घासलं तर चढतो. पण घासलेलं पितळ परत येत नाही.

“बासरी संगतीला घेणार असाल तर चढवावाच लागेल,” काका म्हणतात. “बोला.”

आपल्या गाण्यात षड्ज कुठल्या कायद्यानं ठरत नाही. गाणारा आपला सा या पेटीशी जुळवून घेईल आणि तंबोरा त्याच्या मागोमाग लागेल.

“435 वरच राहू द्या,” तुम्ही सांगता.

काका कानस बाजूला ठेवतात आणि लोंबणाऱ्या पायटीचा पट्टा मापायला घेतात.