जुन्या गेमचा वेग कोण ठरवतं?

२००६ साली निन्टेन्डोचा वी बाजारात आला तेव्हा त्याच्या प्रोसेसरचा वेग ७२९ मेगाहर्ट्झ होता. त्याआधीच्या गेमक्यूबचा ४८६. गेमक्यूबची डिस्क वीमध्ये चालत असे, पण ती आत गेली की वी आपला वेग मुद्दाम ४८६वर उतरवत असे. १९९८च्या गेम बॉय कलरमध्येही दुप्पट वेगाची सोय होती. तरी मूळ गेम बॉयचं कार्ट्रिज लावलं की तो जुन्याच वेगाने चालायचा. जुन्या गेमसाठी नवं यंत्र हळू करायचं, हा कन्सोल बनवणाऱ्यांचा बराच काळ शिरस्ता होता. त्यामुळे नवा कन्सोल घेतला तर जुने गेम सुधारतील का, या प्रश्नाचं उत्तर नुसत्या यंत्राच्या ताकदीत शोधून मिळत नाही. ती ताकद जुन्या गेमला वापरू द्यायची की नाही हे यंत्र बनवणारा ठरवतो, आणि मिळालेली ताकद गेमला पचेल की नाही हे गेम लिहिणाऱ्याने कित्येक वर्षांपूर्वीच ठरवून टाकलेलं असतं.

या शिरस्त्याला सबळ कारण होतं. सुरुवातीच्या काळात अनेक प्रोग्रॅमर यंत्राच्या वेगालाच घड्याळ मानून गेम लिहीत. १९७८च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू जसजसे मारले जातात तसतसे उरलेले भराभर सरकू लागतात, कारण चितारायचे शत्रू कमी झाले की प्रोसेसरवरचा भार हलका होतो. गेमचे निर्माते तोमोहिरो निशिकादो यांना हा परिणाम आवडला. खेळ चढत्या क्रमाने अवघड होतो म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. असा गेम तिप्पट वेगाच्या प्रोसेसरवर जसाच्या तसा चालवला तर सुधारणार नाही, खेळताच येणार नाही. ३८६-४८६ संगणक वापरलेल्यांना कॅबिनेटवरचं 'टर्बो' बटण आठवत असेल. जुने प्रोग्रॅम नीट चालावेत म्हणून संगणक हळू करता यावा, हाच त्याचा मुख्य उपयोग होता.

सोनीने नोव्हेंबर २०१६मध्ये प्लेस्टेशन ४ प्रो आणला तेव्हाही हीच सावधगिरी दिसली. प्रोसेसर १.६वरून २.१३ गिगाहर्ट्झवर गेला होता, ग्राफिक्सची ताकद १.८४ टेराफ्लॉप्सवरून ४.२वर. पण ज्या गेमला प्रोसाठी खास अपडेट नव्हतं, त्याच्यासाठी प्रो अर्धी ग्राफिक्स चिप बंद ठेवून जुन्याच वेगाने चालत असे. मार्च २०१७मधल्या अपडेटने 'बूस्ट मोड' दिला आणि जुन्या गेमना वाढीव वेग मिळू लागला. त्याचा फायदा नेमका कुठे होतो ते हिशेब मांडला की कळतं. सेकंदाला ३० फ्रेम दाखवणाऱ्या गेमला एका फ्रेमसाठी ३३.३ मिलिसेकंद मिळतात. गर्दीच्या प्रसंगात प्रोसेसरला ३६ लागले, तर टीव्हीवर चित्र बदलण्याची ती फेरी हुकते आणि आधीचीच फ्रेम ५० मिलिसेकंद पडद्यावर राहते. खेळणाऱ्याला जाणवतो तो हा अडखळा. तेच काम २.१३ गिगाहर्ट्झवर साधारण २७ मिलिसेकंदांत उरकतं आणि अडखळा जातो. मात्र वाचलेले सहा मिलिसेकंद वाया जातात, कारण ३०ची मर्यादा गेमच्या आतच लिहिलेली असते.

ही मर्यादा किती निर्णायक असते ते 'द लास्ट गार्डियन' या गेमवरून दिसतं. फुमितो उएदा यांचा हा गेम डिसेंबर २०१६मध्ये आला. साध्या प्लेस्टेशन ४वर तो सतत अडखळायचा. डिस्कवरच्या पहिल्या आवृत्तीत फ्रेमची मर्यादा नव्हती; ती नंतरच्या अपडेटमध्ये आली. आज तीच डिस्क, अपडेट न घेता, प्लेस्टेशन ५वर चालवली तर गेम ६० फ्रेमने वाहतो. अपडेट घेतलं की ३०वर थांबतो. यंत्र एकच, गेम एकच, फरक मर्यादा घालणाऱ्या कोडचा. २०१५चा 'ब्लडबोर्न' प्लेस्टेशन ५वरही ३०च्या पुढे जात नाही तो याच कारणाने.

मग सरसकट सगळ्या मर्यादा उठवून टाकाव्यात का? इथे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं खरं आहे. 'डार्क सोल्स २'ची संगणकावरची आवृत्ती ६० फ्रेमने चाले, आणि शस्त्रांची झीज फ्रेमवर मोजली जात असल्याने ती दुप्पट वेगाने झिजत. गेम विचित्र वागला तर बूस्ट मोड बंद करा, असं सोनीनेही सांगून ठेवलं होतं. पण धोका आहे म्हणून वाटच नाही, हा निष्कर्ष मला मान्य नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसवर 'एफपीएस बूस्ट' आणलं. मूळ गेमच्या कोडला हात न लावता, एकेक गेम निवडून, 'फार क्राय ४' आणि 'वॉच डॉग्स २'सारखे गेम ३०वरून ६०वर नेले. सरसकट नाही, पण निवडून आणि तपासून हे जमतं याचा हा पुरावा आहे. दुसरा आक्षेप असा, की मूळचा संथपणा हाच त्या गेमचा स्वभाव. स्पेस इन्व्हेडर्सपुरता तो योग्य आहे, कारण तिथे तो निर्मात्याने जाणून राखला. ऐन गर्दीत कोसळणारा फ्रेमरेट कुणी राखलेला नसतो. तो फक्त हार्डवेअर कमी पडल्याची खूण असतो, आणि ती पुसली म्हणून मूळ कलाकृतीचा अपमान होत नाही.

तेव्हा ज्या कंपन्यांकडे अशा गेमचे हक्क आहेत, त्यांनी नवी 'रीमास्टर' आवृत्ती विकण्याआधी मर्यादा उठवणारं एक छोटं अपडेट द्यावं. आणि 'द लास्ट गार्डियन'ची मूळ डिस्क ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती विकू नये. डिजिटल प्रत घेणाऱ्याला ३०वर बांधलेलीच आवृत्ती मिळते.