खंदकाचे शहर : क्रीट बेटावरील आपल्या खुणा

ग्रीक बेटांच्या सहली आता आपल्याकडच्या मध्यमवर्गालाही परक्या राहिलेल्या नाहीत. पर्यटन कंपन्यांच्या रंगीत माहितीपत्रकांत निळा समुद्र असतो, पांढरीशुभ्र घरे असतात, सूर्यास्त असतो. सान्तोरिनी आणि मिकोनोस या दोन बेटांवर सारा भर. क्रीट या सर्वांत मोठ्या ग्रीक बेटाच्या वाट्याला चार ओळी येतात. क्नोसोसचा राजवाडा पाहा, सामारियाची सोळा किलोमीटरची घळ चालून जा, एलाफोनिसीच्या गुलाबी वाळूवर लोळा, ऑलिव्हच्या तेलातले जेवण जेवा. हे सारे करावेच, त्यात चूक काही नाही. क्नोसोस तर डोळे भरून पाहावे असेच आहे. १८७८ साली मिनोस कालोकैरिनोस या स्थानिक माणसाने तिथे पहिली कुदळ मारली आणि १९०० पासून आर्थर इव्हान्स या इंग्रज संशोधकाने ते सारे उकरून काढले. परंतु माहितीपत्रकांत ज्याचा उल्लेखही नसतो, त्या क्रीटविषयी मला येथे लिहायचे आहे. या बेटाने दोनदा मुस्लिम सत्ता पाहिली आणि दोन्ही वेळा तिचा शेवट वेगवेगळ्या रीतीने झाला. त्यातला दुसरा शेवट आपल्यासारख्या, धर्माने मुसलमान आणि भाषेने मराठी असणाऱ्या माणसाला अंतर्मुख करणारा आहे.

सुरुवात राजधानीच्या नावापासूनच करू. आज तिला हेराक्लिओन म्हणतात. व्हेनिसच्या राजवटीत ती कांदिया होती, त्याआधी बायझंटाइन ग्रीक तिला खांदाक्स म्हणत आणि त्याच्याही आधी तिचे नाव होते रबद अल-खंदक. खंदक! पैगंबरसाहेबांच्या हयातीत ५ हिजरीत, म्हणजे ६२७ साली, मदिनेच्या रक्षणासाठी खणला गेला तोच शब्द. आपल्या भुईकोट किल्ल्यांभोवती असतो तोही तोच. फारसीतून अरबीत गेलेला हा शब्द एका बाजूने मराठीत येऊन इथलाच झाला, तर दुसऱ्या बाजूने भूमध्य समुद्रातल्या एका बेटाच्या राजधानीचे नाव बनला. व्हेनिसच्या अमलात तर अख्ख्या बेटालाच कांदिया म्हणत.

हा खंदक खणणारे लोक अरबस्तानातून आले नव्हते, स्पेनमधून आले होते. आणि विजेते म्हणून नव्हे, तर निर्वासित म्हणून. कुर्तुबा म्हणजे कॉर्दोबा शहराच्या नदीपलीकडील उपनगरात कारागीर, छोटे व्यापारी आणि फकीह यांची दाट वस्ती होती. अमीर अल-हकम पहिला याचे कर आणि त्याच्या रक्षकांचा जाच असह्य होऊन या वस्तीने ८१८ साली, २०२ हिजरीच्या रमजान महिन्यात, उठाव केला. अमीराने तो निर्दयपणे मोडला, उपनगर जमीनदोस्त केले आणि हजारो रहिवाशांना देशोधडीला लावले. काही मोरोक्कोतील फेज शहरात गेले. तिथला अंदलुसी मोहल्ला त्यांच्याच नावाने ओळखला जातो. काही जहाजांनी पूर्वेकडे निघाले आणि इजिप्तमधील गोंधळाचा फायदा घेऊन इस्कंदरिया बंदर बळकावून बसले. खलिफा मामूनचा सेनापती अब्दुल्ला इब्न ताहिर याने त्यांना तिथूनही घालवले. मग अबू हफ्स उमर अल-बल्लूती या आपल्या नेत्यासह ते ८२५ च्या आगेमागे क्रीटवर उतरले. म्हणजे मुसलमान राजाने हाकललेले आणि मुसलमान खलिफाच्या सेनापतीने पुन्हा हाकललेले हे मुसलमान. इतिहासाला केवळ धर्माच्या फूटपट्टीने मोजणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

या लोकांनी बेटावर सुमारे एकशे पस्तीस वर्षे राज्य केले. बायझंटाइन बखरकारांनी त्यांना चाचे म्हटले आहे. ते सर्वस्वी खोटे नाही. एजियन समुद्रातील बेटांवर त्यांची आरमारे तुटून पडत. ९०४ साली थेस्सालोनिकी लुटून आणलेले हजारो कैदी क्रीटच्या किनाऱ्यावर उतरवण्यात आले. गुलामांचा तो बाजार आपण झाकून ठेवू नये. पण चाचे स्वतःची नाणी पाडत नाहीत. जॉर्ज माइल्स या नाणेतज्ज्ञाने क्रीटच्या अमीरांच्या नाण्यांवर १९७० साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्या नाण्यांवरील नावांवरून अमीरांची वंशावळ जुळवली. सोन्याची, चांदीची, तांब्याची नाणी पाडणारे हे राज्य चालते-बोलते, व्यापार करणारे होते हे त्यातून स्पष्ट झाले. बायझंटाइनांच्या अनेक स्वाऱ्या फसल्यावर अखेर सेनापती निकेफोरोस फोकास ९६० साली मोठे आरमार घेऊन आला आणि हिवाळाभर वेढा देऊन ९६१ च्या मार्चमध्ये त्याने शहर घेतले. कत्तल झाली, मशिदी पाडल्या गेल्या, तटही पाडला गेला. शेवटचा अमीर अब्दुल अजीज कैदी म्हणून कॉन्स्टँटिनोपलला गेला. त्याचा मुलगा नुमान मात्र बायझंटाइन फौजेत सरदार झाला आणि ९७१ साली त्याच साम्राज्यासाठी रशियनांशी लढताना मारला गेला. बेटावर उरलेले मुसलमान हळूहळू ख्रिस्ती समाजात विरून गेले. या पर्वाची एकही इमारत आज उभी नाही. हेराक्लिओनच्या रस्त्यांवरून चालताना त्या अंदलुसी निर्वासितांचे काय पाहावे, तर काहीच नाही. जे काही आहे ते पायाखाली.

पाहण्यासारखे आहे ते दुसऱ्या पर्वातले. १६४५ साली उस्मानी तुर्कांनी बेटावर फौज उतरवली. खानिया त्याच वर्षी पडले, रेथिम्नो पुढच्या वर्षी. कांदियाचा वेढा मात्र १६४८ पासून १६६९ पर्यंत, एकवीस वर्षे चालला. सुरुंग आणि प्रतिसुरुंग यांनी तिथली जमीन पोखरून निघाली. वजीर फाजिल अहमद पाशाने अखेरीस मोरोसिनी या व्हेनिसच्या सेनानीकडून शहराचा ताबा घेतला. आपल्याकडे तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले त्याच्या काही महिने आधी. त्या भक्कम तटावरून आजही फिरता येते. मार्तिनेंगो बुरुजावर कादंबरीकार कझान्टझाकिस यांची साधी कबर आहे. बंदराच्या तोंडाशी असलेल्या दुर्गाला लोक ‘कूलेस’ म्हणतात, तो तुर्की ‘कुले’ म्हणजे बुरूज. गावातले सेंट टायटसचे चर्च नीट निरखून पाहावे. तेथे वजीर मशीद होती. १८५६ च्या भूकंपात ती कोसळली, नव्याने बांधली गेली आणि १९२५ साली चर्च म्हणून पवित्र केली गेली. मिनार उतरवला, पण वास्तूची ठेवण लपत नाही. जवळच्या कोर्नारू चौकात उस्मानी काळातली पाणपोई आहे. तिथे आता कॉफी मिळते. तहानलेल्याला पाणी पाजण्याच्या जवळपासच हे आहे म्हणायचे.

रेथिम्नो हे गाव मला सर्वांत जास्त बोलके वाटते. फोर्तेझ्झा किल्ल्यात सुलतान इब्राहिमच्या नावाची मशीद आहे. मोठा घुमट, आत रिकामी थंड जागा. आवाज घुमतो म्हणून तिथे गाण्याचे कार्यक्रम होतात. गावातली नेराद्झे मशीद मुळात व्हेनिसकालीन चर्च होती. तिचा उंच, दोन सज्जांचा मिनार १८९० साली एका ग्रीक स्थापत्यकाराने उभारला. तिथेही आता संगीत शिकवतात आणि मैफली होतात. वेली पाशाच्या मशिदीत प्राचीन जीवाश्मांचे संग्रहालय आहे. खानियाच्या बंदरावर पाण्याला लागून याली जामी उभी आहे, मिनाराविना, चित्रप्रदर्शनांसाठी. समोरचे दीपगृह व्हेनिसचे म्हणून दाखवतात, पण त्याचा आजचा घाट १८३० च्या दशकातला, बेट इजिप्तच्या मुहम्मद अलीच्या ताब्यात होते तेव्हाचा आहे, आणि म्हणूनच ते मिनारासारखे दिसते. त्याच गावात स्प्लान्झिया चौकातल्या सेंट निकोलस चर्चच्या एका टोकाला घंटाघर आहे, तर दुसऱ्या टोकाला मिनार. एकाच इमारतीच्या खांद्यावर दोघेही.

चर्चच्या मशिदी झाल्या आणि मशिदींची चर्चे झाली. यातल्या एकाच दिशेचा हिशेब मांडणारे लोक तिथेही आहेत आणि आपल्याकडेही. या जुन्या मशिदींपैकी एकीतही आज नियमित जमात होत नाही. कारण सरळ आहे, नमाज पढणारेच उरले नाहीत. ते कुठे गेले हा प्रश्न मात्र कोणी वाटाड्या आपणहून काढत नाही.

ते होते कोण? इथे एक समज बाजूला सारावा लागतो. क्रीटचे मुसलमान हे तुर्कस्तानातून येऊन वसलेले लोक नव्हते. निदान बहुसंख्य तरी नव्हते. सतराव्या आणि अठराव्या शतकात इस्लाम स्वीकारलेले ते बेटाचेच रहिवासी. त्यांची मातृभाषा क्रीटची ग्रीक बोली. घरात, शेतात, बाजारात तीच. ‘मान्तिनादा’ नावाची यमकयुक्त द्विपदी, जी आजही क्रीटच्या लग्नांत गायली जाते, ती हेही गात. काहींनी ग्रीक भाषा अरबी लिपीत लिहिली. तुर्की ही कचेरीची भाषा, अरबी नमाजाची, ग्रीक जगण्याची. बेक्ताशी सूफींचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. कर्मठ मंडळींना त्यांचा इस्लाम कच्चा वाटे आणि ख्रिस्ती शेजारी त्यांना सरसकट ‘तुर्क’ म्हणत. हे वर्णन वाचताना कोकणातला, सोलापूरचा वा मराठवाड्यातला मुसलमान वाचक थबकला नाही तरच नवल. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा ‘तुमची भाषा कोणती?’ हा प्रश्न आपल्याला दोन्ही बाजूंनी विचारला जात होता.

एकोणिसावे शतक रक्ताने माखलेले आहे. १८६६ साली आर्कादीच्या मठात तुर्की फौजेने वेढलेल्या बंडखोरांनी आणि त्यांच्या बायकामुलांनी दारूकोठार उडवून देऊन मरण पत्करले. तो मठ रेथिम्नोपासून जवळ आहे आणि अवश्य पाहावा. १८९७ साली बेटाच्या पूर्वेकडील सितिया भागात मुसलमान खेडुतांची कत्तल झाली. १८९८ च्या सप्टेंबरमध्ये कांदियात मुसलमान जमावाने शेकडो ख्रिस्ती लोक आणि चौदा ब्रिटिश सैनिक मारले. क्नोसोसवर पहिली कुदळ मारणाऱ्या कालोकैरिनोसचा भाऊही त्यात मारला गेला. दोन्ही बाजूंच्या प्रेतांची भाषा एकच होती. त्याच वर्षी उस्मानी फौज बेट सोडून गेली. १८८१ च्या खानेसुमारीत पावणेतीन लाखांहून अधिक वस्तीत मुसलमान सुमारे ७३ हजार होते, १९०० मध्ये ते ३३ हजारांवर आले. १९१३ साली बेट ग्रीसमध्ये विलीन झाले.

आणि मग ३० जानेवारी १९२३ चा लोझानचा करार. ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरवली. कसोटी एकच, धर्म. भाषा विचारली नाही, इच्छा विचारली नाही. तुर्की बोलणारे अनातोलियाचे ख्रिस्ती ‘ग्रीक’ ठरून ग्रीसला धाडले गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान ‘तुर्क’ ठरून तुर्कस्तानला. ते आयवालिक, जुंदा, बोद्रुम, मेर्सिन अशा गावांत उतरले. तिथे त्यांना तुर्की येईना. ‘अर्धे काफिर’ असे त्यांना हिणवले गेले. १९२८ मध्ये ‘नागरिका, तुर्की बोल’ ही मोहीम निघाली तेव्हा बाजारात तोंड उघडणेही अवघड झाले. रानभाज्या खाण्याच्या त्यांच्या सवयीवरून तिथे एक विनोद रूढ झाला : शेतात गाय आणि क्रीटवाला एकाच वेळी शिरले तर गाय राहू दे, आधी क्रीटवाल्याला हाकल. आज त्याच भाज्या त्या किनाऱ्यावरच्या महागड्या खानावळींत मानाने वाढल्या जातात. सुलतान अब्दुल हमीदने १८९७ नंतरच्या निर्वासितांपैकी काहींना सीरियाच्या किनाऱ्यावर वसवले. त्या गावाचे नाव हमीदिया आणि तिथे क्रीटची ग्रीक एकविसाव्या शतकातही बोलली जात राहिली.

आपल्याकडे त्याच सुमारास खिलाफत चळवळ जोरात होती. तिची मध्यवर्ती समिती १९१९ साली मुंबईत स्थापन झाली आणि तुर्कांसाठी अंगोरा निधी, स्मर्ना निधी गोळा झाले. ती कळकळ खरी होती. परंतु लोझान हा तुर्कांचा विजय म्हणून पाहताना, त्याच विजयाखाली आपल्यासारखीच दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभी असलेली मुसलमान माणसे घराबाहेर काढली गेली, हे आपल्या इतिहासलेखनात फारसे आलेच नाही.

हेराक्लिओनला विमानाने जाणारे प्रवासी अनेक दशके नेआ अलिकार्नासोस या उपनगरात उतरत आले आहेत. ‘नवे हालिकार्नासोस’ असा त्या नावाचा अर्थ. हालिकार्नासोस हे बोद्रुमचे प्राचीन नाव. बोद्रुमहून आलेल्या ख्रिस्ती निर्वासितांनी ही वस्ती केली आणि क्रीटचे मुसलमान बोद्रुममध्ये जाऊन राहिले. पाटी वाचायची, की सामानाचा पट्टा शोधायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सुट्टीत दोन-तीन दिवस शिल्लक असतील त्यांनी ऱ्होड्स किंवा कोस गाठावे. १९२३ साली ही बेटे इटलीच्या ताब्यात असल्याने अदलाबदलीतून सुटली आणि तिथले मुसलमान तिथेच राहिले. ऱ्होड्सच्या जुन्या गावात सुलेमानिया मशिदीसमोर हाफिज अहमद आगाचे १७९३ सालचे ग्रंथालय आहे. कोसवर प्लातानी नावाच्या खेड्यात ग्रीक आणि तुर्की दोन्ही बोलणारी मुसलमान कुटुंबे राहतात, आणि समुद्राच्या त्या अरुंद पट्ट्यापलीकडे दिसणारे गाव म्हणजे बोद्रुम.